जुना संगणक भंगारात घालू नका, गावाच्या वाचनालयाला द्या

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, आणि नागपूर-पुण्याकडे नोकरीला असलेल्या गावच्या लेकरांनो,

शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, पीक विम्याची पावती, सीईटीचे प्रवेशपत्र, यांतले काहीही काढायचे म्हटले की आपल्या माणसाला दुसऱ्याच्या संगणकापुढे उभे राहावे लागते. काम होते, प्रिंट मिळते, माणूस घरी येतो. त्याचे आधार आणि पासबुक मात्र त्या संगणकाच्या 'डाउनलोड' फोल्डरमध्येच राहते. डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो हे खरे, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. गावात एकमेकांचे नाव आणि जन्मवर्ष कोणाला ठाऊक नसते? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तो हक्क खारपाणपट्ट्यातल्या आपल्या गावातही लागू आहे.

म्हणून वाचनालयाच्या मागच्या खोलीत सहा संगणक मांडायचे ठरले आहे. त्यांवर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली टाकून पाहुणा (गेस्ट) खाते चालू ठेवायचे. या खात्यातल्या फायली तात्पुरत्या जागेत राहतात आणि बाहेर पडताच पुसल्या जातात. मागून येणाऱ्याला आधीच्याचे काहीच सापडत नाही. लिनक्स मिंट मुक्त सॉफ्टवेअर आहे. परवाना विकत घ्यावा लागत नाही, आणि त्याची प्रत काढून शेजाऱ्याला देण्याचा हक्क परवान्यातच लिहिलेला आहे. चोरीचे विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेट' करणाऱ्या प्रोग्रामांसोबत अनेकदा व्हायरसही येतो. तो धोका इथे घ्यावाच लागत नाही.

यंत्रे मागण्याची वेळ हीच आहे. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत. त्यामुळे धडधाकट संगणक कार्यालयांतून आणि घरांतून बाहेर निघत आहेत. लिनक्स मिंट २२ ला ते चालतात, आणि त्याला २०२९ पर्यंत दुरुस्ती मिळणार आहे.

आम्हाला चालेल ते असे: ६४-बिट प्रोसेसर, शक्यतो इंटेल आय३ किंवा आय५, दुसऱ्या पिढीपासून पुढचा. रॅम ४ जीबी असावी, ८ असेल तर उत्तम, कारण ब्राउझरच सगळ्यात जास्त खातो. लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर आठवणीने द्या, आणि बायोसला (यंत्र सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला) पासवर्ड असेल तर काढून द्या. डीडीआर२ या जुन्या प्रकारच्या रॅमची यंत्रे आणि जुने काचेचे मॉनिटर मात्र आणू नका. त्यांची विल्हेवाट नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच व्हायला हवी, भंगारात गेल्यास तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात.

देण्याआधी आपली माहिती पुसा. नुसते फॉरमॅट केल्याने फायली जात नाहीत, त्या परत काढता येतात. साध्या हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण शून्ये लिहिली की पुरते, ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात. एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) हा उपाय भरवशाचा नाही, कारण काही राखीव भाग बाहेरून लिहिताच येत नाही. तिथे डिस्कची स्वतःची 'सिक्युअर इरेज' सोय वापरावी लागते. जमत नसेल तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवा आणि यंत्र तेवढे द्या. किंवा वाचनालयात या, तुमच्यासमोर पुसून देऊ.

अशा यंत्रांना सहा नव्या साटा एसएसडी लागतील, २.५ इंची, १२० किंवा २४० जीबीच्या. जुन्या यंत्राची चाल सर्वांत जास्त सुधारते ती एसएसडीने. किमती सारख्या बदलतात, म्हणून पैशांपेक्षा वस्तूच द्यावी ही विनंती. रॅम देणाऱ्यांनी एक बघावे: चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, १.५ व्होल्टची साधी पट्टी बसते पण चालत नाही.

सहा सीआर२०३२ सेलही हवे आहेत. मदरबोर्डवरचा हा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून सरकारी संकेतस्थळही उघडत नाही. लोक मग इंटरनेटला दोष देतात.

सगळ्यात मोठी गरज यूपीएसची आहे. पाहुणा खात्यात अर्ज अर्धा भरला आणि वीज गेली, तर अर्धा अर्ज आणि स्कॅन केलेली कागदपत्रे दोन्ही जातात. ६०० व्हीएचा यूपीएस एका संगणकाला दहा-पंधरा मिनिटे देतो, तेवढ्यात पेनड्राइव्हवर साठवता येते. जुना यूपीएस असेल तरी द्या, बहुधा त्याची १२ व्होल्ट ७ एएच बॅटरीच मेलेली असते. आपल्या उन्हाळ्यात ती लवकर मरते, म्हणून बॅटऱ्यांसाठी दरवर्षी थोडी रक्कम राखून ठेवावी लागेल.

प्रिंटर देणार असाल तर आधी मॉडेल कळवा. एचपीचे बहुतेक लिनक्सवर सहज चालतात, कॅननचा एलबीपी २९०० मात्र बराच त्रास देतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. अंगठा घेणाऱ्या यंत्रांचे सॉफ्टवेअर बहुतांशी विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असते. त्यामुळे आधारचे अंगठ्याचे काम इथे होणार नाही, त्यासाठी सेवा केंद्रातच जावे लागेल.

हातांचीही गरज आहे. वाचनालयाच्या जुन्या नोंदी कृतीदेव फाँटमध्ये आहेत. फाँट नसलेल्या यंत्रावर त्या इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात, आणि शोधल्या तर सापडत नाहीत. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरांत, बदलताना जोडाक्षरे आणि रफार चुकतात, त्यामुळे प्रत्येक पान कोणीतरी डोळ्यांनी तपासावे लागते. निवृत्त गुरुजी आणि बाईंनी आठवड्याला दोन तास दिले तरी काम पुढे सरकेल. कॉलेजच्या मुलामुलींनी यंत्रे उघडणे, धूळ काढणे, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलणे शिकायला यावे.

सामान दर रविवारी सकाळी ९ ते १२ वाचनालयात स्वीकारले जाईल. प्रत्येक वस्तूची नोंद वहीत होईल आणि पावती मिळेल. रोख रक्कम स्वीकारणार नाही, धनादेश वाचनालयाच्या नावे द्यावा. कोणती वस्तू कुठे लागली याची यादी दर महिन्याला दारावरच्या फळ्यावर लावू.