त्या एका 'आपली'साठी

दादा,

नाव लिहित नाही, तुम्हीच म्हणाला होतात की कुठं लिहिलंत तर माझं नाव नको. पत्र खरं तर तीन आठवड्यांपूर्वीच लिहायला घेतलेलं, पण बसलं की माण तालुक्यातल्या दहिवडीचा तो हॉल डोळ्यासमोर यायचा आणि लॅपटॉप बंद करून मी भांडी घासायला उठायचे. आज घासायला भांडी पण नाहीत, म्हणून लिहितेय.

तुम्हाला हॉलचं मी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री फोनवर फक्त "आकडे चुकतायत" एवढंच बोलले. तर झालेलं असं, की सातारा जिल्ह्यातल्या 11 तालुक्यांचा रोजचा पाऊस घेऊन कुठं किती दिवसांचा खंड पडला हे काढायचं काम माझ्याकडे होतं. 21 दिवसांचा खंड म्हटलं की तेव्हाच्या पीकविम्याच्या भरपाईमुळे सगळ्यांचे कान टवकारायचे, त्यामुळे शेतकरी बरेच आलेले. स्क्रीनवर माझा तक्ता. मागून एक आजोबा उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, 20 जुलैला माझ्या बाजरीत पाणी तुंबलं होतं. चपला हातात घेऊन घरी गेलो. तुमच्या कागदावर अख्खा पंधरवडा कोरडा कसा?" हॉल हसला. आमच्या साहेबांनी माइक घेतला आणि म्हणाले, "हे हिचं काम आहे, हिने केलंय, बघून घेईल ती."

हिने केलंय. स्क्रिप्ट, म्हणजे हे आकडे काढणारा छोटा प्रोग्राम, माझ्या आधीच्या माणसाने लिहिलेली, ती चालवायची कशी एवढंच मला दाखवलेलं, आणि तक्ता आदल्या दिवशी बघून "आकडे आले ना, मग झालं" म्हणणारे पण हेच साहेब. असो. नाही, असो कशाला, अजून राग आहे मला.

नंतरचे दोन दिवस मी सगळ्यांना विचारत फिरले. एकाने सांगितलं एरर येत नाही ना, मग कोड बरोबरच आहे. (हे वाक्य फ्रेम करून लावायचंय मला ऑफिसात.) एकाने न बघताच सगळं नव्याने लिहायला सांगितलं. आणि ज्याने वर्षभरापूर्वी, पांडाज (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) अपडेट केल्यावर स्क्रिप्ट बंद पडली तेव्हा "तारखेच्या ओळीत एरर्स इक्वल टू कोअर्स टाक, पळेल" असं, म्हणजे जी तारीख वाचता येत नाही ती गुपचूप रिकामी कर असं, सांगितलेलं, त्याने मेसेज वाचला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. पळाली खरी स्क्रिप्ट. कुठं पळाली ते मागाहून कळलं.

मग मैत्रिणीच्या मावसभावाकडून तुमचा नंबर. रविवार, रात्रीचे दहा. मागे ताटवाटीचा आवाज येत होता, मी म्हणलं नंतर करू का, तुम्ही म्हणालात जेवण काय होत राहील ताई, बोला. आणि तुम्ही कोड मागितलाच नाही पहिल्यांदा! विचारलंत, "तुम्ही साताऱ्याच्याच ना? मग महाबळेश्वरचा जुलै काढा."

मी काढला. 10 जुलै ते 5 ऑगस्ट, सलग 27 दिवस पाऊस शून्य. महाबळेश्वरला! जिथं वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पडतो, जुलैत समोरचा माणूस दिसत नाही धुक्यात. माझ्या तोंडून निघालं, "अहो मग कोयना कशाने भरली?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "हं. आता बघू." इतके दिवस मी फक्त माणचे आकडे बघत होते, आणि माणमध्ये कोरडं दिसलं तर कुणाला काय वाटणार, वर्षाला 500 च्या आसपासचा तालुका तो. जिथलं उत्तर आपल्याला झोपेत पण माहितीय तिथं आधी गणित लावून बघायचं, हे इतकं साधं मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग स्क्रीन शेअर केली. सगळ्यात वर वॉर्निंग बंद करणारी ओळ. मधे ट्राय, खाली एक्सेप्ट, त्याखाली पास, म्हणजे काही बिघडलं तर गिळून टाक आणि पुढं चल. तारखेला कोअर्स. शेवटी जिथं काही सापडलं नाही तिथं शून्य भर. तुम्ही बराच वेळ गप्प होतात, मला वाटलं आता ओरडणार, पण म्हणालात, "हिला बिचारीला गप्प बसायला शिकवलंय. काढा त्या ओळी. तुमच्या हातानेच काढा, मी आहे लाइनवर."

काढल्या, रन केलं, स्क्रीन लालभडक. माझ्या पोटात गोळा. आणि तुम्ही म्हणालात, "आली का? छान!"

दादा, एरर आल्यावर छान म्हणणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. मग मला सगळ्यात खालची ओळ मोठ्याने वाचायला लावलीत, गावाकडं आलेलं पत्र वाचतात तशी, शब्द शब्द. 13 जानेवारीची तारीख, 13 आधी आणि 01 नंतर, ती म्हणत होती की मी महिना-दिवस-वर्ष अशी वाचतेय आणि 13 नावाचा महिना नाही. एवढंच. वर्षभर बिचारी हेच सांगत होती आणि आम्ही तिच्या तोंडात बोळा कोंबलेला.

पहिली तारीख 01/01, ती कशीही वाचा सारखीच, त्यामुळे पांडाजने अमेरिकन पद्धत धरली. 13 पासून पुढच्या सगळ्या तारखा कोअर्सने रिकाम्या केल्या, त्या ओळी बेरजेतून आवाज न करता गळाल्या आणि त्यांच्या जागी शून्य बसलं. आणि 1 ते 12 च्या तारखा? त्या तर अजून वाईट, दिवस आणि महिना उलटे होऊन भलतीकडं जाऊन बसल्या. तुम्ही ते बोलता बोलता उलगडलंत: जुलैच्या 10, 11, 12 ला जो पाऊस दिसतोय तो खरं तर 7 ऑक्टोबर, 7 नोव्हेंबर, 7 डिसेंबरचा, ऑगस्टच्या 1 ते 5 ला दिसतोय तो 8 जानेवारी ते 8 मेचा, दर महिन्याच्या 8 तारखेचा. दोन्हीच्या मधे गळालेला जुलै. झाले 27 दिवस. आजोबांची 20 तारीख बरोब्बर त्या खड्ड्यात. मी वहीत लिहून घेतलंय ते, अजून कधीकधी उघडून बघते, इतकं नीटनेटकं चुकलेलं होतं की कौतुक वाटावं.

शून्याबद्दल तुम्ही जे बोललात ते पण वहीत आहे. शून्य म्हणजे सकाळी कुणीतरी पर्जन्यमापकाजवळ गेलं, वाकून बघितलं आणि त्यात पाणी नव्हतं. रिकामं म्हणजे कुणी गेलंच नाही. दोघांना एकच आकडा दिला की त्या गेलेल्या माणसाचा अपमान आहे. हवामान खात्याच्या ग्रिडच्या (नकाशावर चौकोन पाडून दिलेल्या) डेटात म्हणूनच न मिळालेल्या जागी उणे 999 असतो, आणि लोक तो पण तसाच बेरजेत घेतात म्हणालात.

मी रडवेली झालेले ते तुम्हाला कळलं असणार, कारण मधेच तुम्ही इंग्लंडची गोष्ट काढलीत, 2020 च्या कोविडमधली, जुन्या एक्सेल फाइलीत 65,536 च्या वर ओळी मावत नाहीत म्हणून 15,841 पेशंट मोजणीतून निसटलेले आणि फाइल काही बोललीच नव्हती. अख्ख्या देशाचं आरोग्य खातं आणि एवढी चूक. "आपण तर महाबळेश्वर वाळवलं फक्त." तेव्हा हसले मी, दोन दिवसांनी पहिल्यांदा.

पण हे पत्र त्यासाठी नाहीच. सोमवारी सकाळी साहेबांना मेल तुम्ही लिहून दिलात, मी म्हणलं मला इंग्रजीत जमत नाही तर म्हणालात मराठीतच लिहू, मराठी वाचतात ना साहेब. पहिलंच वाक्य होतं: "तारखा वाचताना आपली एक चूक झाली होती, ती सापडली."

आपली. 'हिची' नाही, आणि 'आधीच्या माणसाची' पण नाही. तुम्ही त्या स्क्रिप्टमधली एक ओळ लिहिलेली नव्हती, आमच्या संस्थेचं नाव तुम्हाला रविवारी रात्री कळलं, एक रुपया घेतला नाहीत, आणि चूक वाटून घ्यायला मात्र आलात. बरं, 'आमची' लिहिलं असतं तर साहेब बाहेर राहिले असते. 'आपली'मध्ये ते पण आले, त्यांना कळलं का नाही देव जाणे. मी ते वाक्य पाठवायच्या आधी चार वेळा वाचलं आणि मगच बटण दाबलं.

परवा एसटीने वाईला चालले होते, घंटी द्यायच्या आधी कंडक्टर दोन वेळा डोकी मोजत होता, एक तिकीट कमी भरत होतं. लोक कटकट करत होते, चला हो मास्तर उशीर होतोय. तो शांत. मागच्या सीटवर एक म्हातारी झोपलेली निघाली, तिला कोरेगावला जायचं होतं, चुकीच्या गाडीत बसलेली. मोजलं नसतं तर वाईला उतरून रडत बसली असती. त्याने हात धरून उतरवली, फलाटावर पोरगा होता कुणाचा तरी त्याला सांगितलं, आणि मग घंटी. मला तुमचीच आठवण आली. तुम्ही म्हणाला होतात, दोन तक्ते जोडायच्या आधी ओळी मोजा, जोडल्यावर परत मोजा, कोण उतरलं कोण चढलं कळलं पाहिजे. चांगली माणसं अशीच असतात बहुतेक, कटकटी वाटतात सुरुवातीला.

आता आमची स्क्रिप्ट पण कटकटी झालीय. तारीख दिवस-महिना-वर्ष अशीच हवी, नसेल तर थांबते. पाऊस उणे आला तर थांबते. मी जोशात येऊन एका दिवसात 300 मिलिमीटरच्या वर गेला तरी थांबायचं असं घातलेलं, तेव्हा तुम्ही विचारलंत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला किती पडला होता, 944, मग खरा पाऊस पण हाकलणार का? म्हणून तिथं फक्त ओरडते, थांबत नाही. साहेबांचं म्हणणं आधी बरी पळत होती.

दहिवडीला परत गेले होते मी, नवा तक्ता घेऊन, या वेळी एकटीच. आजोबांना 20 जुलै दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हां. एवढाच पडला असंल." बाजरीच्या पिठाची पिशवी दिलीय, त्यातली अर्धी तुमची. पत्ता कळवा, नाहीतर मैत्रिणीच्या मावसभावाकडं ठेवते, पण तो खाऊन टाकेल.

तुमची,
साताऱ्याची ताई

ता. क. मंगळवारी स्क्रिप्ट थांबली. "तालुके 10 आले, 11 हवेत." कुणीतरी जावळीचं जावली केलेलं. शेजारी नवीन आलेला मुलगा बसलेला, घाबरून म्हणाला, ताई, घालवू का हा एरर? म्हणलं हात लावू नकोस, आधी मोठ्याने वाच.