नाकारलेल्यांच्या पैशावर चालणारं प्रदर्शन: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या गावात नगरपालिकेच्या नाट्यगृहाला वरच्या मजल्यावर एक कलादालन आहे. भिंत सगळी मिळून १४० फूट. खिडक्या पश्चिमेला, त्यामुळे दुपारी चारनंतर काचेच्या फ्रेममध्ये चित्र कमी आणि बघणाऱ्याचं तोंडच जास्त दिसतं. तिथे आम्ही पाच-सहा जण गेली ११ वर्षं दर डिसेंबरात प्रदर्शन भरवतो. प्रवेशिका मागवायच्या, बाहेरगावचे तीन परीक्षक बोलवायचे, आणि ते निवडतील तेवढंच लावायचं. मी या समितीचा चिटणीस, निवृत्त कलाशिक्षक.

आधी गेल्या वर्षीचा हिशेब सांगतो. १८७ प्रवेशिका आल्या. शुल्क प्रत्येकी ४०० रुपये. परीक्षकांनी ५४ चित्रं निवडली, कारण आमच्या भिंतीवर त्याहून जास्त मावत नाहीत. राहिली १३३. त्या १३३ जणांचे मिळून ५३,२०० रुपये आमच्याकडे जमा झाले. आता खर्च बघा. दालनाचं सात दिवसांचं भाडं २४,५००, तीन परीक्षकांचं मानधन १५,०००, त्यांचा प्रवास आणि मुक्काम ११,४००. बेरीज ५०,९००. म्हणजे भाडं आणि परीक्षक हा सगळा भार ज्यांचं चित्र भिंतीला लागलंच नाही त्यांनी उचलला. आणि आम्ही त्यांना आभाराचं छापील पत्र पाठवलं.

हे मला पहिल्या वर्षी दिसलं नव्हतं. हिशेब जुळला की चिटणिसाला बरं वाटतं, एवढंच. चौथ्या-पाचव्या वर्षी एक जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आपलं नाकारलेलं चित्र न्यायला आले. तीन बाय चार फुटांचा कॅनव्हास, जुन्या चादरीत गुंडाळून एसटीतून आणलेला. येताना लगेजचे पैसे दिले होते, जाताना पुन्हा द्यायचे होते. फ्रेमचा खर्च वेगळा. गुरुजी रागावले नव्हते. रजिस्टरात सही करता करता म्हणाले, "सर, नाही लागलं ते ठीक. पण का नाही लागलं, तेवढं सांगाल का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. परीक्षक आदल्या रविवारी संध्याकाळच्या गाडीने निघून गेले होते, आणि त्यांच्या तक्त्यावर गुरुजींच्या चित्रासमोर नुसती फुली होती.

तेव्हापासून प्रत्येक नाकारलेल्या चित्राला दोन ओळींचा शेरा लिहूनच परीक्षकांनी जायचं, असा नियम केला. पण त्याने निवड एका दिवसाची दोन दिवसांवर गेली, मुक्काम वाढला, आणि मुक्कामाचे पैसे कुठून आले हे वर लिहिलंच आहे.

साहेब, ही निवड कशी होते ते आपण एकदा बघायला हवं. उद्घाटनाला नको, निवडीच्या दिवशी या. पहिली चाळणी फोटोवर. फोटो बहुतेक व्हॉट्सॲपने आलेले, त्यामुळे रंग निम्मे मेलेले. एकात ट्यूबलाइट, एकात चित्र धरून उभ्या असलेल्या वडिलांच्या पायांची बोटं. चांगलं चित्र वाईट फोटोमुळे जातं, म्हणून शंका असेल तिथे मूळ चित्रच मागवतो. मग चित्रं भिंतीला टेकवून जमिनीवर ओळीने ठेवायची, नाव काढून नंबर द्यायचा, सहीवर मास्किंग टेपची पट्टी. तीनपैकी दोघांचा होकार असेल तर आत. वाद होतो तो मधल्या तीस-चाळीस चित्रांवर. गेल्या वर्षी एका काळ्या-करड्या जलरंगापुढे तिघे पाऊण तास उभे होते, चहा दोनदा गार झाला. एवढं करूनही सही झाकली म्हणून हात झाकत नाही. जाणकार परीक्षक ब्रशचा फटकारा ओळखतोच. म्हणून स्वतःचे विद्यार्थी ज्या भागात आहेत तिथला परीक्षक आम्ही घेत नाही, आणि तिघांची नावं प्रवेशिकेवरच छापतो, म्हणजे कोणासमोर चित्र ठेवतोय हे पाठवणाऱ्याला आधी कळतं.

अशी निवडून चित्रं लावण्याची रीत काही आमची नाही. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून हेच करते आहे. १९३७ साली चित्रकार अमृता शेरगिल यांना सुवर्णपदक मिळालं ते याच सोसायटीच्या प्रदर्शनात. लंडनच्या रॉयल अकॅडमीचं उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून दरवर्षी भरतं, कोणीही चित्र पाठवू शकतं आणि शुल्क तिथेही आहे. आमचे एक सभासद दर बैठकीत हे ऐकवतात: "लंडनवाले घेतात, मग आपण का लाजायचं?" मी त्यांना सांगतो, तिथे भिंतीवरची चित्रं विकली जातात. शुल्क भरणाऱ्याला निदान तेवढी आशा असते. आमच्याकडे ११ वर्षांत विकली गेलेली चित्रं मी एका हाताच्या बोटांवर मोजतो, आणि त्यातलं एक माझ्या मेहुण्याने घेतलं आहे.

आता मुद्द्याचं. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर नाटकाच्या तालमी चालतात. ती मंडळी जिल्ह्याच्या केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला जातात. परीक्षक शासन नेमतं, खर्च शासन करतं, आणि सहा दशकांहून अधिक काळ हे चालू आहे. मराठी रंगभूमीला गावोगावचे नट, लेखक, दिग्दर्शक या फेरीने किती दिले ते आपल्या खात्याला मी सांगायला नको. एकच जिना. खाली नाटकवाल्याला परखणारा माणूस सरकार पाठवतं, आणि वर चित्रवाला आपल्याला परखणाऱ्याचं गाडीभाडं स्वतः भरतो. याला कारण असेल तर मला एकच दिसतं: नाटक आपल्या खात्याकडे आहे आणि कला संचालनालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे. आम्ही शिक्षणवाल्यांकडे जावं तर आम्ही महाविद्यालय नाही, आपल्याकडे यावं तर आम्ही नाटक नाही.

म्हणून मागणी लहान आहे. जिल्ह्या-तालुक्यांत जी कलादालनं खुल्या प्रवेशिका मागवून, परीक्षक नेमून वर्षातून एकदा प्रदर्शन भरवतात, त्यांच्या परीक्षकांचं मानधन आणि प्रवास शासनाने थेट परीक्षकांना द्यावा. आमच्या हातात एक रुपया देऊ नका. आणि नगरपालिकांच्या दालनांना त्या आठवड्यापुरतं भाडं माफ करायला सांगा. आज आमच्या दालनाचा दर दिवसाला ३,५०० आहे, साड्यांच्या सेलला तोच आणि चित्रांना तोच. सेलवाल्याला तो एका सकाळीच सुटतो. नवी इमारत नको, महोत्सव तर नकोच.

एक भीतीही इथेच सांगून टाकतो, कारण ती आमच्या बैठकीत सगळ्यांनी बोलून दाखवली. सरकारी पैसा आला की मागोमाग निवड समितीत पदसिद्ध सदस्य येतात. आत्ताही फोन येतात. एका वर्षी निवडीच्या आदल्या रात्री एका वजनदार माणसाचा फोन आला, "आमच्या भाच्याचं तेवढं बघा." मी म्हणालो, "साहेब, चित्रांवर नावंच नाहीत, तुमच्या भाच्याचं कुठलं ते मला ओळखता येणार नाही." हे पूर्ण खरं नव्हतं, नंबरांची वही माझ्याच कपाटात होती. तरी त्या उत्तराने काम झालं. उद्या मानधन सरकारचं असेल तर हे उत्तर पुरेल का, याची मला खात्री नाही. तेव्हा शासन निर्णय काढाल तर त्यात एवढं नक्की घाला: परीक्षक तिघेही कलाकार किंवा कलाशिक्षक असतील, बाहेरच्या जिल्ह्यातले असतील, त्यांची नावं प्रवेशिका मागवतानाच जाहीर होतील, आणि निवडीच्या खोलीत चौथा माणूस नसेल. लोकप्रतिनिधींना उद्घाटनाची फीत आम्ही आनंदाने देऊ.

गुरुजींनी त्यानंतर दोनदा चित्र पाठवलं. दुसऱ्यांदा लागलं. जलरंगात सुकत घातलेली मिरची, अर्धी उन्हात आणि अर्धी सावलीत. बक्षीस मिळालं नाही.

यंदाच्या प्रवेशिकेचा मजकूर दसऱ्यानंतर छापखान्यात द्यायचा आहे. तारखा, मापं, परीक्षकांची नावं सगळं भरून झालं आहे. 'प्रवेश शुल्क' या शब्दांपुढची जागा तूर्त मोकळी ठेवली आहे.

आपला,
चिटणीस, कलादालन समिती

प्रत: मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य