'सर्व द्रव चालतात' असे सांगून विकलेल्या पार्ट वॉशरबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : ७५ लिटरचा पार्ट वॉशर व त्याच्या जोडीने विकलेला २० लिटरचा डीग्रीझर यांबाबत चुकीची माहिती, झालेले नुकसान व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी वरील दोन वस्तू एकत्र मागवल्या : इंजिनचे सुटे भाग धुण्याचे यंत्र, म्हणजे पार्ट वॉशर, आणि ग्रीस काढणारे केमिकल, म्हणजे डीग्रीझर. डीग्रीझरमुळे माझ्या दोन जुन्या स्कूटरचे ॲल्युमिनियमचे भाग आणि एक कार्बोरेटर खराब झाला. यंत्रात बसवलेला पंप आपण जाहिरातीत सांगितलेल्या निम्म्या द्रवांसाठी बनलेलाच नाही. आणि ही तक्रार केल्यावर आपल्या सेवा विभागाने जो लेखी सल्ला दिला, तो पाळला असता तर हे पत्र लिहायला माझे गॅरेज शिल्लक राहिले असते की नाही, शंकाच आहे. पंचवीस ओळींच्या ई-मेलला आपल्याकडून 'सॉरी फॉर इनकन्व्हिनियन्स' एवढेच उत्तर येते, म्हणून आता सविस्तर लिहितो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये नोकरी केली. निवृत्तीनंतर घराच्या पार्किंगमध्ये जुन्या चेतक स्कूटर उघडून पुन्हा उभ्या करतो. धंदा नाही, हौस आहे. आजवर इतर गॅरेजवाल्यांसारखेच कापलेल्या डब्यात रॉकेल आणि रंगाचा ब्रश असे काम चालायचे. कारखान्यात पार्ट वॉशर वापरलेला असल्यामुळे यंत्र कसे असते हे मला नीट ठाऊक आहे, आणि म्हणूनच खरेदीपूर्वी मी आपल्या विक्री क्रमांकावर फोन करून स्पष्ट विचारले होते : यात पाण्यात मिसळायचे केमिकल घालायचे की पेट्रोलियम सॉल्व्हंट, म्हणजे डिझेल-रॉकेलसारखा तेलकट मळ विरघळवणारा द्रव? उत्तर मिळाले, "सर, काहीही टाका, बिनधास्त. डिझेल, रॉकेल, एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन ऑइल), आपले केमिकल, सर्व द्रव चालतात." जाहिरातीतही हेच शब्द आहेत. त्या पानाचे छायाचित्र मी ठेवले आहे, कारण पाने नंतर बदलतात.

यंत्र आले. पत्रा बरा आहे, रंगही ठीक. पंप बाहेर काढून पाहिला तर त्यावर आपल्या कंपनीचे स्टिकर होते आणि स्टिकरच्या एका कोपऱ्याखालून दुसरी अक्षरे डोकावत होती. स्टिकर सोलले. खाली पंप बनवणाऱ्याचा मूळ मजकूर : फक्त स्वच्छ पाण्यासाठी, द्रवाचे तापमान ४० अंशांपर्यंत. म्हणजे उन्हाळ्यात कूलरच्या तळाशी बसतो, तो पंप. कूलरच्या पंपाबद्दल माझी काही तक्रार नाही, कूलरमध्ये तो चांगलाच चालतो. पण २३० व्होल्टचा, पाण्यासाठी केलेला पंप डिझेलमध्ये बुडवायला सांगणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याच्या वायरचे पीव्हीसी आवरण पेट्रोलियम द्रवात राहिले की त्यातले मऊपणा देणारे द्रव्य निघून जाते, आवरण कडक होते आणि वाकवल्यावर तडकते. रबरी सील फुगतात. द्रवाची पातळी खाली गेली की पंप उघडा पडून तसाच फिरत राहतो, आणि तेव्हा त्याच्या भोवती द्रव नसून वाफ असते. खऱ्या सॉल्व्हंट यंत्रात मोटर टाकीच्या बाहेर तरी असते किंवा पंप हवेच्या दाबावर तरी चालतो. हा फरक आपल्या इंजिनिअरांना माहीत नसेल असे मी मानत नाही. माहीत असूनच मूळ मजकुरावर स्टिकर चिकटवले गेले, असे म्हणायला जागा आहे.

घरगुती गिऱ्हाइकाने पार्ट वॉशर घेताना खरा प्रश्न यंत्राचा नसतोच, द्रवाचा असतो. द्रव ठरला की पंप, झाकण, हीटर, जागा सगळे त्यावरून ठरते. आपण मात्र यंत्र आधी विकता आणि द्रव गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडता. मर्जीने ठरवायचे तर त्याला फ्लॅश पॉइंट तरी कळायला हवा, म्हणजे कोणत्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो आकडा. पेट्रोलचा तो शून्याखाली सुमारे ४० अंश, म्हणून पेट्रोलने भाग धुणे हा थंडीच्या पहाटेसुद्धा आगीशी खेळ. रॉकेलसाठी भारतीय मानकाची किमान अट ३५ अंशांची, डिझेलचीही तीच. आता नाशिकचा एप्रिल-मे डोळ्यांसमोर आणा. पारा चाळिशी गाठतो, आणि माझ्या पार्किंगवर पत्रा आहे. त्या दुपारी टाकीतले रॉकेल पेटण्याच्या तापमानापर्यंत आपोआपच पोचलेले असू शकते. ही वाफ हवेपेक्षा जड, ती वर न जाता फरशीवरून सरकते. माझ्या पार्किंगमध्ये इन्व्हर्टर आहे आणि भिंतीपलीकडे गॅस गीझर. बहुतेक घरांत थोड्याफार फरकाने असेच असते. पेट्रोलियम नियमांत २३ अंशांखाली पेटणारे द्रव 'अ' वर्गात, २३ ते ६५ अंशांतले 'ब' वर्गात धरले जातात. रॉकेल आणि डिझेल 'ब' वर्गातले. घरात सॉल्व्हंटच वापरायचे तर ६० अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेले घ्यावे, एवढी एक ओळ आपल्या जाहिरातीत असती तरी मी निम्मे पत्र लिहिले नसते.

मी स्वतः यंत्रात डिझेल घातले नाही. पंपावरचा मूळ मजकूर वाचल्यावर पाण्यातलेच केमिकल वापरायचे ठरवले, आणि तेही आपलेच, आपल्याच कॅनमधले, आपल्याच प्रमाणात : एक भाग केमिकल, पाच भाग पाणी. कॅनवर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'सर्व धातूंना सुरक्षित, बायोडिग्रेडेबल' असे लिहिले आहे. घटक लिहिलेले नाहीत. हातमोजे, चष्मा, डोळ्यांत गेल्यास काय करायचे, यातले एक अक्षर नाही. उत्पादनाचा महिना आणि वर्ष नाही. पाकीटबंद मालावर ही तारीख आणि उत्पादकाचा पत्ता छापणे वजन-मापाच्या नियमांनी बंधनकारक आहे, बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा तो असतो.

चेतकचा सिलिंडर ब्लॉक बिडाचा, तो स्वच्छ निघाला, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्याच टाकीत टाकलेले ॲल्युमिनियमचे हेड आणि क्रँक केस थोड्याच वेळात बुडबुडे सोडू लागले. बाहेर काढले तेव्हा काळे पडले होते, आणि बोट फिरवले की बोट काळे. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, तिचे तोंड आणि गॅस्केट बसते ती बाजू खडबडीत झाली. आता ती कितीही घासली तरी हवा ओढणार, म्हणजे स्कूटर आयडलला उभी राहणार नाही. हा कार्बोरेटर मी पुण्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणलेला होता. नव्या नकली कार्बोरेटरची किंमत देऊन आपण तो भरून देऊ शकत नाही.

टूलरूममध्ये वय घालवलेल्या माणसाला बुडबुडे पाहून कळते की हे कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोडा आहे. तरी मी आपल्याकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे केमिकलचे घटक आणि धोके सांगणारा कागद, मागितली. ती न मागता द्यायला हवी होती, पण पुन्हा पुन्हा मागितल्यावर आली. तिसऱ्या भागात घटक : सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा. दहाव्या भागात, कशाशी संपर्क येऊ देऊ नये या मथळ्याखाली : ॲल्युमिनियम, जस्त, कथील. म्हणजे आपल्याच कंपनीचा एक कागद सांगतो की ॲल्युमिनियमला लावू नका आणि आपल्याच कंपनीचा कॅन सांगतो की सर्व धातूंना लावा. दोन्हीवर पत्ता एकच.

कॉस्टिक ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर आधी विरघळवते आणि मग धातूला खाते. काळे जे उरते ते मिश्रधातूतले सिलिकॉन आणि तांबे, धातू खाल्ला गेल्यानंतर मागे राहिलेले. बुडबुडे हायड्रोजनचे असतात. झाकण लावून टाकी बंद केली की तो आत साठतो आणि तिथेच आपला विजेचा पंप चालू असतो. शिवाय कॉस्टिकसारखी अल्कली डोळ्यांत गेली तर ती आम्लापेक्षाही आत खोल शिरत जाते, लगेच भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे लागते. कॅनवर याची सूचना नाही. माझी नात सुटीत पार्किंगमध्येच खेळते, म्हणून हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो.

आणखी एक गंमत. कॅनवर लिहिले आहे की उत्तम परिणामासाठी द्रव ६० अंशांपर्यंत तापवा. पाण्यातले केमिकल तापल्यावरच ग्रीस नीट सोडते, हे खरेच आहे, थंड पाण्यात ते आळशीपणाच करते. पण यंत्रात हीटर नाही आणि पंपाची मर्यादा ४० अंशांची. आपलेच केमिकल आपल्याच सूचनेप्रमाणे तापवले तर आपलाच पंप जळायचा. हे दोन विभाग एकाच इमारतीत बसतात का?

झाकणाबद्दल थोडक्यात. सॉल्व्हंटच्या यंत्रात झाकण एका वितळणाऱ्या कडीवर टेकलेले असते. टाकीत आग लागली की कडी वितळते, झाकण आपोआप पडते, आग गुदमरते. आपण त्या जागी साधी वाकवलेली सळई दिली आहे आणि जाहिरातीत 'सेफ्टी लिड' म्हटले आहे. निचऱ्याचे तोंडही तळापासून इतके वर आहे की तळाचा गाळ कधीच निघत नाही.

आता आपल्या सेवा विभागाचा ई-मेल. काळ्या पडलेल्या हेडचे फोटो पाठवल्यावर उत्तर आले, 'केमिकल काढून ड्रेनमध्ये सोडा आणि यंत्रात डिझेल भरून वापरा, रिझल्ट जास्त चांगला येईल.' कॉस्टिक आणि त्यात मिसळलेले इंजिन ऑइल गटारात सोडायचे, आणि पाण्याच्या पंपाभोवती डिझेल भरायचे. हे लेखी आहे, तारखेसह आहे. माझ्या टाकीतला द्रव मी गटारात सोडलेला नाही. तो झाकणाच्या ड्रममध्ये, घराबाहेर, कुलपात ठेवला आहे, आणि तो आपण न्यावा ही माझी मागणी आहे, कारण त्याची विल्हेवाट कशी लावायची हे विकणाऱ्याने सांगायला हवे होते.

माझ्या मागण्या अशा. यंत्र आणि केमिकलची पूर्ण रक्कम वाहतुकीसह परत करावी. हेड, क्रँक केस आणि कार्बोरेटर यांची भरपाई द्यावी, रक्कम नाशिकमधल्या जुन्या मेकॅनिकच्या लेखी अंदाजानुसार, तो सोबत जोडला आहे. जाहिरातीतून 'सर्व द्रव चालतात' आणि 'सर्व धातूंना सुरक्षित' हे शब्द काढावेत. आणि ज्यांनी ज्यांनी हे यंत्र आधी घेतले आहे त्या प्रत्येकाला कळवावे की यात डिझेल, रॉकेल, थिनर, पेट्रोल यातले काहीही घालू नये. चौथी मागणी माझ्यासाठी पहिली आहे. पैसे मिळायला उशीर झाला तर मी थांबेन, या निरोपाला उशीर नको. कुठेतरी कोणी तरुण पोरगा बुलेटचे इंजिन उघडून, आपल्या माणसाने फोनवर सांगितले म्हणून, या टाकीत डिझेल ओतत असेल.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न दिल्यासही उत्पादकाला भरपाईसाठी जबाबदार धरले आहे, आणि विकलेल्या वस्तूखेरीज ग्राहकाच्या इतर मालमत्तेचे नुकसानही त्यात मोजले जाते. माझा कार्बोरेटर ही ती 'इतर मालमत्ता'. मी राहतो त्या जिल्ह्यातच, म्हणजे नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात, तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही, हेही मी विचारून घेतले आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार आजच नोंदवत आहे. एक महिन्यानंतर आयोगाकडे जाईन.

यंत्र परत नेण्यासाठी माणूस पाठवायचा असेल तर आधी कळवून पाठवावा. पंप मात्र त्याला मिळणार नाही. स्टिकर आणि त्याखालचा मजकूर दोन्ही दिसतील अशा स्थितीत तो माझ्याकडेच राहील, प्रकरण मिटेपर्यंत.

जाहिरातीचे छायाचित्र, कॅनच्या चारही बाजूंचे फोटो, सेफ्टी डेटा शीट, सेवा विभागाचा ई-मेल, खराब भागांचे फोटो, मेकॅनिकचा अंदाज आणि बिलाची प्रत सोबत जोडत आहे. ऑर्डर क्रमांक व संपर्काचा पत्ता बिलावर आहेच.

कळावे,

आपला ग्राहक
सातपूर, नाशिक