ऑफिसने हवेली वाचवली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारी हवेल्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. हवेलीत कंपनीचे ऑफिस आले की वास्तूचा जीव जातो, असा त्याचा सूर आहे. नोकरीनिमित्त काही महिने हॅम्पशायरमधल्या हर्स्ली हाउस या ऑफिस झालेल्या जुन्या हवेलीच्या आवारात माझे रोजचे जाणे-येणे होते. तिथे मी जे पाहिले ते या सुराशी जुळत नाही, म्हणून हे पत्र.

हर्स्ली हे विंचेस्टरजवळचे खेडे. सतराव्या शतकात राजसत्ता उलथवून इंग्लंडवर राज्य करणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलचा मुलगा रिचर्ड याच्याकडे इथली जमीन लग्नातून आली. गावच्या चर्चमध्येच त्याचे दफन झाले. पुढे त्याच्या मुलींकडून १७१८ मध्ये विल्यम हीथकोट याने ती विकत घेतली, तिथले जुने घर पाडले आणि १७२४ च्या सुमारास लाल विटांची, फिकट दगडाने सजवलेली नवी हवेली उभी केली. सगळा दिमाख प्रमाणबद्धतेचा. भिंतीवर नक्षीची गर्दी नाही. पण आज दिसते ती एवढीच हवेली नव्हे. १९०२ मध्ये ती जॉर्ज कूपर यांच्याकडे आली. त्यांच्या अमेरिकन पत्नीला वारशाने प्रचंड पैसा मिळाला होता. त्यांनी घर दोन्ही अंगांनी वाढवले आणि आतला थाटही बराचसा नव्याने केला. लेखकाला जी 'मूळ' वास्तू अभिप्रेत आहे ती इथे नेमकी कोणती म्हणायची?

सप्टेंबर १९४० मध्ये साउदॅम्प्टनजवळच्या वूल्स्टनचा सुपरमरीन या विमान कंपनीचा कारखाना जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानांचे आराखडे करणाऱ्या माणसांना जागा हवी होती, आणि ती त्याच वर्षी हर्स्लीत मिळाली. मूळ रचनाकार मिचेल १९३७ मध्येच वारले होते. आता जोसेफ स्मिथ प्रमुख होते. जिथे मेजवान्यांनंतर नाच व्हायचा त्या दालनात ड्रॉइंग बोर्ड लागले. स्पिटफायरच्या पुढच्या आवृत्त्यांचे काम या घरात झाले. त्या दालनाचा याहून मोठा उपयोग मला तरी सुचत नाही.

१९५८ मध्ये तिथे आयबीएम ही संगणक कंपनी आली. बँकांचे व्यवहार ज्यावर चालतात ती सीआयसीएस ही संगणक प्रणाली पुढे अनेक वर्षे इथेच विकसित होत राहिली. मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांच्या महासंगणकांवर नव्हे तर मोठ्या मध्यवर्ती संगणकांवर, काम केलेल्या पुण्या-मुंबईच्या कितीतरी मराठी इंजिनिअरांना हर्स्ली हे नाव ओळखीचे आहे, ते यामुळे. वास्तूच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की यंत्रे आणि प्रयोगशाळा हवेलीच्या पोटात कोंबल्या नाहीत. त्यांच्यासाठी आवारात वेगळ्या इमारती बांधल्या. त्यामुळे मोठ्या दालनांचे तुकडे पाडून खुराडी करण्याची वेळ आली नाही. याची किंमत बागेने मोजली, हे मान्य करायला हवे. सपाट, चौकोनी नव्या इमारती त्या लाल विटांशेजारी मला कधीच शोभल्या नाहीत.

तरीही दुसरा पर्याय काय होता, ते लेखात यायला हवे होते. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा हजाराहून अधिक हवेल्या पाडल्या गेल्या. वारसा कर, नोकरांची टंचाई, गळकी छपरे यांपुढे मालक हरले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने १९७४ मध्ये या विध्वंसावर प्रदर्शनच भरवले. पगारी माणसे ज्या छपराखाली रोज बसतात, ते छप्पर गळू लागले की दुरुस्त होते. रिकाम्या हवेलीचे छप्पर कोण बघणार?

माझी तक्रार वेगळी आहे. अशी ऑफिसे बहुधा फाटकाआड असतात, आणि गावकऱ्यालाही आत जाता येत नाही. इंग्लंडमध्ये दर सप्टेंबरात कित्येक एरवी बंद असलेल्या जुन्या वास्तू काही दिवस लोकांना विनामूल्य दाखवल्या जातात. ऑफिस झालेल्या प्रत्येक हवेलीला हे बंधनकारक करावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या लेखकांनी पुढच्या लेखात याचा जरूर विचार करावा.

आपला,
एक वाचक, पुणे