पम्यास, रेशन कार्डाच्या झेरॉक्ससह

कोल्हापूर
16 नोव्हेंबर 2025, रविवार रात्र

प्रिय पम्या,

दीड वर्षात तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत. फोन झाला तरी "काय, बरं हाय न्हवं" एवढ्यावर आटपत आलो. तुझ्या पोरीच्या साखरपुड्याला आलो नाही, ते मनात आहे. वहिनींची माफी मागायला समोर येईन. इकडं सगळे बरे. माझी शुगर आहे तिथंच आहे, आईच्या गुडघ्याला पट्टा बसलाय. झालं. आता ज्यासाठी बसलोय ते लिहितो.

आक्काचं पेन्शन बंद पडलंय. जानेवारीपासून.

मला कळलं एप्रिलमध्ये. तुला माहीत आहे, जोतिबाच्या यात्रेला आक्काकडून पुरणाची पोळी आली नाही असं एक साल गेलं नाही. यंदा आली नाही. संध्याकाळी मी गेलो तर बाई कोरा चहा पीत बसलेली. म्हटलं, दूध? तर म्हणाली, "घसा धरलाय, दूध सोसंना." मी पण खुळा, घसा म्हटल्यावर हळद घेऊन गेलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या पोरीनं सांगितलं की आक्कानं मार्चपासूनच दूध तोडलंय.

नाना गेल्यापासून तिला संजय गांधी निराधारचे पैसे यायचे. ही योजना 1980 ची, म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हाची. आधी सहाशे यायचे, मग हजार, आता दीड हजार. दीड हजारात बाई औषध, लाईटबिल, चार दिवसाआड भाजी असं बसवत होती आणि वर आपल्याला पोळ्या खायला घालत होती. यंदापासून पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात येणार असं ठरलं आणि तिच्या जुन्या पासबुकात जानेवारीची एंट्रीच नाही. फेब्रुवारीची नाही, मार्चची नाही.

मे महिन्यात मी तिला घेऊन कचेरीत गेलो. कोणती कचेरी ते लिहीत नाही, तुला कळेल. खिडकीवरचा म्हणाला, पैसे गेलेत, इथं यशस्वी दाखवतंय. बँकेत गेलो. बँकेतला म्हणाला, आमच्याकडं आलेलेच नाहीत. परत कचेरी. "बँकेकडून लेखी आणा." बँक म्हणाली, जे आलंच नाही त्याचं लेखी काय देऊ? चार वेळा हे झालं, पम्या. उन्हातनं. आक्का प्रत्येक वेळी लग्नाला निघाल्यासारखं ते हिरवं इरकल नेसून यायची. साहेबाकडं जायचं तर नीट जावं, म्हणायची. आणि साहेब कुठले भेटतात? साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगला.

जून संपायच्या आत हयातीचा दाखला द्यायचा असतो. केंद्रावर मशीनवर बोट ठेवलं, उठेना. दुसरं बोट, तिसरं बोट, दहाही झाली. पोरगं म्हणालं, मावशी, हात धुऊन या, तेल लावा, ठसा गेलाय. ठसा जाईल नाही तर काय? त्या बोटांनी आयुष्यभर भाकऱ्या थापल्या, दहा घरची भांडी राखेनं घासली, तुझ्यामाझ्या जर्सीच्या बाह्या शिवल्या. (तुझी डावी बाही आखूड झाली म्हणून तू शाहू स्टेडियमवर हात वर न करता खेळलास आणि आयता हेडर घालवलास. मी अजून मानत नाही की बाहीमुळे गेला. तुला डोकं लावायची भीती वाटायची.) शेवटी डोळ्याच्या मशीनवर ती जिवंत ठरली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाळू, मी आलो की तिथं चालत. मग आनि काय पुरावा पायजे त्यास्नी?" मला उत्तर देता आलं नाही.

मग जुलैमध्ये त्याच केंद्रावरच्या एका पोरानं, देव त्याचं भलं करो, आधार नंबर घालून बघितलं की ते शेवटचं कुठल्या बँकेला जोडलंय. निघाली भलतीच बँक. गेल्या वर्षी लाडक्या बहिणीचे फॉर्म भरायची गर्दी उडाली होती, तेव्हा गल्लीतल्या बायकांबरोबर आक्कालाही कुणीतरी नेऊन नवं खातं काढून दिलं होतं. फॉर्म नामंजूर झाला, कारण निराधारचे दीड हजार आधीच चालू. पण आधार त्या नव्या खात्याला चिकटलं ते चिकटलंच. सरकारी पैसे आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलेलं असतं तिथं जातात. ही एवढी गोष्ट चार हेलपाट्यांत एका माणसानं सांगितली नाही. खात्यात सहा हजार होते. जानेवारी ते एप्रिल.

सहा हजार हातात आले त्या दिवशी ती मला ओढत गंगावेशीत दूध प्यायला घेऊन गेली. म्हशीचं धारोष्ण, फेसाळ, दोन ग्लास, पैसे तिनं दिले. मला द्यायला दिलेच नाहीत. म्हणाली, पम्या असता तर दोन एकट्यानंच प्याला असता.

मला वाटलं, सुटलं. पण एप्रिलनंतर त्या खात्यातही काही नाही. परत कचेरी. आता कळलं की तिला पासष्ट पूर्ण झाली, म्हणून संजय गांधीतून काढून श्रावणबाळमध्ये वर्ग करायचंय. आधारवर तिची जन्मतारीख 1 जानेवारी 1960. अंदाजे सांगितलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांची असते तशी. पम्या, कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात तिचं लग्न ठरलं होतं, हे आपण तिच्या तोंडून किती वेळा ऐकलंय! भूकंप 1967 चा. आधार खरं धरलं तर सात वर्षांच्या पोरीचं लग्न ठरलं आणि बाराव्या वर्षी तिला सुन्या झाला. ती त्र्याहत्तरची तरी आहे. आठ वर्षं आधीच वर्ग व्हायला हवी होती. पण शाळेचा दाखला नाही, कारण शाळा नाही.

वर्ग करायचं तर कागद नव्यानं. पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा. आयुष्यभर गगनबावडा आणि कोल्हापूर यापलीकडं न गेलेल्या बाईला हा पुरावा मागितला. नानांच्या मरणाचा दाखला 2019 च्या पुरात ट्रंकेसकट भिजून लगदा झाला होता, तो महापालिकेतनं नवा काढला. आणि उत्पन्नाचा दाखला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत पाहिजे. भागून बघ, दिवसाला साठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. तिचं तेवढंही नाही. मला वाटलं, हा कागद सगळ्यांत सोपा.

तलाठ्यानं रेशन कार्ड उघडलं. 1999 ला तीन रंगांची कार्डं आली तेव्हाचं केशरी कार्ड. नानांच्या नावावर रेघ मारलेली. खाली दोन नावं. एक तिचं.

"हा मुलगा काय करतो? त्याचं उत्पन्न लिहा."

मी गप्प. आक्का म्हणाली, "भाईर असतोय कामाला." त्यानं विचारलं, कुठं? आक्का म्हणाली, "लांब."

तलाठी वाईट माणूस नाही, पम्या. त्यानं पेन खाली ठेवून नीट समजावलं. एक तर नाव कमी करा, नाही तर प्रतिज्ञापत्र द्या की मुलगा विभक्त आहे, सांभाळत नाही, त्याच्याकडून काही मिळत नाही. मुद्रांकही लागत नाही, साध्या कागदावर चालतं. मला पण तेच बरोबर वाटलं. खरंच आहे ते! पंचवीस वर्षं झाली. 2000 च्या दिवाळीत गेला तो गेला.

आक्का उठली आणि पदर सारखा करून बाहेर जाऊन उभी राहिली. वाटेत एक शब्द नाही. घरी आल्यावर म्हणाली, "माझा सुन्या मला सांभाळत न्हाई असं मी लिवून देनार न्हाई. ते सरकारात कायमचं ऱ्हातंय. उद्या त्यो आला आनि त्येनं वाचलं तर?"

त्यावर मी रागावलो. हो, रागावलो तिच्यावर. म्हटलं, आक्का, दूध तोडलंस, गोळ्या अर्ध्या करून खातीस, आणि कुणासाठी? तिनं मला जेवायला वाढलं.

मग मी जे केलं ते कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. प्रतिज्ञापत्र टाईप करून आणलं. तिला वाचता येत नाही, अंगठा करते. ठरवलं की हयातीचाच कागद आहे म्हणून सांगायचं, अंगठा घ्यायचा आणि सोडून द्यायचं. शाईचं पॅड खिशात. तिनं अंगठा पुढं केला आणि म्हणाली, "वाच की रं एकदा." दर वेळी म्हणते तसंच. पम्या, माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. 'माझा मुलगा सुनील हा माझा सांभाळ करीत नाही.' खरं वाचवेना आणि खोटं वाचायला जीभ उचलेना. कागद घडी करून परत खिशात घातला. तिनं काही विचारलं नाही. तिला कळलं असणार.

कारण त्याला घालवला कुणी? भिशीचे पैसे त्यानं बुडवले हे खरं, आक्कानं पुतळ्याची माळ मोडून गल्लीची पै न् पै फेडली हेही खरं. पण तालमीच्या दारात सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत मारली ती मी. "परत या गल्लीत पाय ठेवशील तर" म्हणालो तो मी. तू मध्ये पडलास तर तुलाही बोललो. रात्री त्याला एसटीत बसवून दिलास म्हणून दोन वर्षं तुझ्याशी बोललो नाही. तेव्हा मला वाटायचं तू चोराला पाठीशी घातलंस. आता पन्नाशी उलटल्यावर वाटतं, त्या रात्री आपल्या तिघांत शहाणा तूच होतास. हे मी तुला कधी म्हणालो नव्हतो. आता म्हणतो.

खिडकीवरचा प्रत्येक माणूस विचारतो, "मुलगा कुठाय?" तो तिला विचारतो आणि मला ऐकू येतं.

बाकीचे मार्ग केले, बसून राहिलो नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला, तीस दिवसांत उत्तर आलं की प्रकरण कागदपत्रांअभावी प्रलंबित. पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनाला गेलो, तर अर्ज पंधरा दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात द्यायचा असतो. मग तसा दिला. उत्पन्नाचा दाखला सेवा हक्क कायद्यानं पंधरा दिवसांत मिळायला पाहिजे, 2015 चा कायदा आहे, तेही त्यांना दाखवलं. त्यांनी मान्य केलं. पण अर्ज पूर्ण असेल तर पंधरा दिवस, आणि आमचा अर्ज त्या दुसऱ्या नावापाशी अपूर्ण. मी तिला महिन्याला पैसे देऊ केले. घेत नाही. "तुझं न्हाई, सरकारचं पायजे. ते माझ्या हक्काचं हाय," म्हणते. गपचूप दुधाचा रतीब लावला तर गवळ्याला माघारी पाठवला.

म्हणून तुला लिहितोय. तुझ्या धाकट्याच्या मुंजीत तू बोलता बोलता म्हणाला होतास, "सुन्या बरा आहे," आणि लगेच विषय बदललास. मी ऐकलं होतं. तेव्हा विचारलं नाही, अकड होती. त्याचा नंबर तुझ्याकडं आहे, पम्या. मला नको. तो माझा फोन उचलणारही नाही. तूच कर.

त्याला पैसे मागू नकोस. त्याला एवढंच सांग की रेशन कार्डावरनं स्वतःचं नाव कमी करायला त्याच्या सहीचा अर्ज लागेल, तो राहतो तिथं नाव लावायचंय म्हणून. मग आक्काला तो सांभाळत नाही असं कुठंच लिहून द्यावं लागणार नाही. कुटुंबात एकटीच उरली की उत्पन्नाचा दाखला निघतो. आणि तो अर्ज द्यायला तो स्वतः आला तर बरं. तालमीच्या दारात मी उभा राहीन, ज्यांच्यादेखत मारलं त्यातले जे उरलेत त्यांच्यादेखत काय म्हणायचं ते म्हणेन. हेही सांग त्याला.

आक्काला यातलं काही कळू देऊ नकोस. आला नाही तर तिला परत पंचवीस वर्षं.

तुझ्या नव्या ऑफिसचं काय? जागा मिळाली का राहायला? पोरीच्या लग्नाची तारीख कळव, या वेळी मी चार दिवस आधी येऊन मांडवात राबणार. रव्या पुण्याला निघालाय, त्याच्याबरोबर भडंग आणि आक्कानं तुझ्यासाठी केलेला कांद्याचा मसाला पाठवतोय. कसा केला, मिरची कुठनं आणली, विचारू नकोस. मी विचारलं तर ओरडली.

सोबत कार्डाची झेरॉक्स आहे. सुन्याला पाठवायला लागेल. दुसरी ओळ बघ, नावापुढं वय लिहिलंय, 27. धान्य दुकानदारानं कितीदा म्हटलं, आक्का, नवं कार्ड करून घे, हे फाटलंय. तिनं मागनं कापडाची पट्टी डकवलीय.

फोन केलास की त्याच दिवशी मला कळव. रात्री कितीही वाजू देत.

तुझा,
बाळू