पॅलेटचे गणित मुलांना शिकवावे

महोदय,

ठाण्यातील ज्या शाळा मी जवळून पाहिल्या, तेथे संगणकाच्या तासाला चित्रे रंगवून घेतात. पण पडद्यावरचा रंग मुळात आकडा असतो, हे क्वचितच सांगतात. क्यूबेसिक या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत 'स्क्रीन १३' ही चित्रे काढण्याची पद्धत निवडल्यावर २,६२,१४४ छटांपैकी २५६ एका वेळी वापरता येत आणि 'पॅलेट' या रंगाची छटा ठरवणाऱ्या आज्ञेला निळ्याची ६५,५३६ पट, हिरव्याची २५६ पट व तांबड्याची मूळ किंमत यांची बेरीज द्यावी लागे. प्रत्येक किंमत ० ते ६३ असे. ही बेरीज बदलताच आधी काढलेले चित्र, पुन्हा न काढताही, क्षणात रंग पालटे. मला हेच सर्वांत सुंदर वाटते. जुने डॉस प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालवणाऱ्या डॉसबॉक्स या सॉफ्टवेअरवर हे आजही चालते. सातवी-आठवीच्या मुलांना शाळांनी ते अवश्य करू द्यावे.

– एक माजी संगणक शिक्षक, नौपाडा, ठाणे