कॅमरून साहेब, हे निस्तरायचं कोणी?

मा. लॉर्ड डेव्हिड कॅमरून यांस,
स. न. वि. वि.

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये माझी छोटी खानावळ आहे. आपण पंतप्रधान असताना ती सुरू केली, आपल्याबद्दल आदरही होता. परवा वकिलाने सांगितलं, कोल्हापूरहून आचारी आणायचं विसरा. जुलै 2025पासून कुशल कामगारांच्या व्हिसाला पदवीच्या पातळीचं काम लागतं; तांबडा रस्सा त्यात बसत नाही. जुना आचारी गुडघ्यांनी घरी बसलाय. पहाटे वाटण मी करतो, रात्री गल्ल्यावर बायको, आणि रविवारी मुलगी अभ्यास सोडून कांदे चिरते. माझी कंबर गेली ती वेगळीच.

हे आपल्याला का? कारण 2016च्या ब्रेक्झिट सार्वमताच्या प्रचारात आपल्याच सरकारातल्या प्रीती पटेल सांगत होत्या, युरोपातून बाहेर पडा, करी हाउसं वाचतील, आपल्याकडचे आचारी येतील. आमच्या लोकांनी ऐकलं. 2014मध्ये युरोपने हापूस अडवला त्याचा राग होताच. स्लाऊने 54 टक्क्यांनी 'बाहेर' म्हटलं. मी नाही म्हटलं. आणि गंमत बघा, भारतीय पासपोर्टवर मला राष्ट्रकुलाचा म्हणून मत होतं. माझ्याकडे भांड्यांना असलेल्या, बारा वर्षं इथे कर भरणाऱ्या पोलिश बाईंना नव्हतं. ही अक्कल कोणाची?

तुम्ही म्हणाल, लोकांनी ठरवलं. पण विचारलं कोणी? पक्षातले बंडखोर आणि युरोपविरोधी यूकिप पक्षाकडे सरकणारी मतं आवरायला जानेवारी 2013मध्ये तुम्हीच सार्वमताचा शब्द दिलात. मतपत्रिकेवर राहायचं की निघायचं, एवढंच. निघायचं तर कसं, आयर्लंडच्या सीमेचं काय, एक अक्षर नाही. नव्वद लाखांवर पौंड उडवून घरोघर पत्रक टाकलंत: तुम्ही ठरवाल ते सरकार करेल. निकाल लागला 52-48, आणि त्याच सकाळी राजीनामा! पुढे पत्रकारांशी बोलून पंतप्रधान निवासाच्या दारातून आत जाताना गुणगुणलात, तेही देशाने ऐकलं. सात वर्षांनी लॉर्ड होऊन परराष्ट्रमंत्री. माझ्याकडे पोऱ्याने ताटं फोडली तर निदान झाडू तरी त्याच्याच हातात देतो.

तुम्ही एकटेच कशाला? सार्वमताच्या कायद्याच्या बाजूने 544 खासदार होते, मजूर पक्षाचेसुद्धा. 'आठवड्याला 35 कोटी पौंड युरोपला जातात' असं लिहिलेली बस मिरवणारे जॉन्सन पंतप्रधान झाले. मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर, जो येतो तो मागच्याकडे बोट दाखवतो. बाहेरून येणारे कमी होणार होते ना? मध्ये एका वर्षात निव्वळ आकडा, म्हणजे आलेल्यांतून गेलेले वजा करून, नऊ लाखांवर गेला म्हणे. त्यात माझा एक आचारी तेवढा जड झाला!

इराक युद्धाची चिलकॉट समितीने सात वर्षं चौकशी केली. अहवाल आला तुमच्या पंतप्रधानपदाच्या शेवटच्या आठवड्यात, संसदेत त्यावर तुम्हीच बोललात. सार्वमताची तशी चौकशी तुम्ही स्वतः मागा. साक्षीला मलाही बोलवा. सोमवारी दुकान बंद असतं.

आपला,
स्लाऊचा एक खानावळवाला